चेसिसला डांबरी कोट की इपॉक्सी? कोकणातल्या गाडीपुरतं सांगतो

गाडी किनाऱ्याजवळ असेल तर चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, काहीतरी लावायलाच लागतं, खारी हवा आहे, वर पुढे मासळीची गाडी असली की बर्फाचं खारट पाणी रस्ताभर सांडत जाते आणि ते आपण चाकाने उडवून घेतो. प्रश्न एवढाच की गॅरेजवाल्याचा रबराइज्ड डांबरी कोट मारायचा की घासून इपॉक्सी प्रायमर (पत्र्याला घट्ट धरणारा अस्तराचा रंग) आणि वरून काळा पेंट. आमच्या जुन्या पिकअपवर दोन्ही करून झालंय.

डांबरी कोट मला आधी फार आवडला होता, खोटं कशाला बोलू. सकाळी गाडी दिली, संध्याकाळी परत, खडी उडाली तरी टणटण आवाज नाही आणि खाली वाकून बघावं तर सगळं काळंभोर. तीन पावसाळे मी निर्धास्त. चौथ्या वर्षी मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं काम निघालं म्हणून गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घेतली, मिस्त्रीने सहज स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो सरळ आत! वरचा कोट मात्र शाबूत. ओढला तर चामड्यासारखा सोलून आला, मागे गंजाची जाड खपली चिकटलेली आणि आत ओल. कुठूनतरी पाणी शिरलं ते कोटामागेच बसलं, त्यात स्प्रे मारणाऱ्याने चेसिसची पाणी निघायची भोकंपण बुजवलेली. वेल्डर म्हणाला आधी हे सगळं खरवडून द्या, नाहीतर पेट घेईल. खरवडण्यात दोन दिवस गेले, हाताचा वास आठवडाभर.

इपॉक्सी म्हणजे कष्ट आहेत. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून उताणं पडायचं, तोंडावर गंज पडतो, मग थिनरने तेल पुसायचं, दोन डब्यांचं मिश्रण केलं की काही तासांत संपवायचं. एप्रिल-मेमध्येच करा, पावसाळी हवेत नको. आणि दगड लागून टवके उडतात हेही खरं. पण टवका उडाला की लाल डाग दिसतो! घासला, ब्रशने हात मारला, विषय संपला. नुसत्या रेड ऑक्साइडवर, म्हणजे लाल प्रायमरवर, भागवू नका, लालावर लाल काय कळणार.

चेसिसच्या पोकळीत मात्र दोन्ही पोचत नाहीत, तिथे बारीक नळीने वॅक्सच मारावं लागतं. जळकं ऑइल मारणारे बरेच आहेत, पण त्याने सांध्यांतले रबरी बुश फुगतात आणि धूळ चिकटते ती वेगळीच.

गाडी नवी, पत्रा स्वच्छ आणि राहणं घाटावर, तर डांबरी कोट चालून जाईल बहुतेक, फक्त भोकांवर टेप लावून घ्या. जुन्या गाडीवर गंज झाकायला मारणार असाल तर मी तरी मारणार नाही.

आता मी गणपतीआधी खालून पाण्याचा पाइप मारतो आणि भोकं तारेने मोकळी करतो. पाणी लालच येतं, जांभ्याची माती की गंज ते सुकल्यावर कळतं.