लेह आणि लाहौल-स्पितीसाठी जनगणनेची फाईल : सात महिन्यांच्या वापरानंतर

साताऱ्यात भूगोल शिकवतो. उत्तरेच्या दुर्गम भागात मूळची तिथलीच माणसं किती, याचा अंदाज बांधायला सात महिने २०११ च्या जनगणनेचा गावनिहाय प्राथमिक गोषवारा एक्सेलमध्ये वापरतोय.

पहिला आठवडा वाया गेला. जिल्हा, तहसील, गाव या सगळ्या ओळी एकाखाली एक असतात. मी अख्ख्या रकान्याची बेरीज मारली, लोकसंख्या कैक पट आली! आधी ‘लेव्हल’ या रकान्याला फिल्टर लावा. गावाचे कोड टेक्स्ट म्हणूनच ठेवा, नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात.

हे जमलं की फाईल सोन्यासारखी आहे. मूठभर घरांचं गावसुद्धा स्वतंत्र ओळीत सापडतं.

लडाखमधल्या लेह जिल्ह्याच्या एकूण आकड्यावर मात्र थांबू नका. १,३३,४८७ पैकी पुरुष ७८,९७१, स्त्रिया ५४,५१६. म्हणजे हजार पुरुषांमागे ६९० स्त्रिया. आपल्या साताऱ्यात ९८८. हे फळ्यावर लिहिलं तेव्हा अपशिंग्याची, म्हणजे आपल्याकडच्या फौजींच्या गावची, एक मुलगी म्हणाली, “सर, पप्पा तेव्हा लेहलाच होते. त्यांना तिकडं धरलं का आपल्याकडं?” तिकडंच. माणूस गणनेच्या वेळी जिथं मुक्कामाला, तिथं मोजला जातो. त्यात बर्फाळ भागातली गणना सप्टेंबर २०१० मध्येच उरकली. तेव्हा रस्त्यांची कामं चालू असतात, मजूर तिथंच असतात. त्या पोरीच्या प्रश्नानंतर, बाहेरून आलेले बहुतेक पुरुषच आणि तिथले स्त्री-पुरुष जवळपास सारखे असं धरून, मी स्त्रियांचा आकडा दुप्पट करून बघायला लागलो : सुमारे १ लाख ९ हजार. पद्धत ढोबळ आहे, शिकायला बाहेर गेलेली लेहची मुलं-मुली यात सुटतात. पण एकूण आकड्यापेक्षा मला हीच खरी वाटते. गावांच्या ओळींत पुरुष अचानक कितीतरी पट दिसले, की तिथं छावणी किंवा मजुरांचा तळ असावा असं धरून मी ते गाव बाजूला काढतो.

हिमाचलमधल्या लाहौल-स्पितीत हजार पुरुषांमागे ९०३ स्त्रिया, तिथली अडचण निराळी. २००१ ला ३३,२२४ माणसं, २०११ ला ३१,५६४. लेह त्याच दहा वर्षांत १,१७,२३२ वरून वाढलं. दोन्हीकडे एकच वाढीचा दर लावणं चूकच. शिवाय ऑक्टोबर २०२० मध्ये मनालीकडून लाहौलला जोडणारा अटल बोगदा सुरू झाला, बर्फात तुटणारी वाट खुली राहू लागली, लाहौलचा हिवाळाच बदलला. जुना दर पुढं ओढायला मन धजत नाही.

पुढच्या जनगणनेत बर्फाळ भागाचा संदर्भदिन, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरतात तो दिवस, १ ऑक्टोबर २०२६ आहे. ते आकडे हाती येईपर्यंत २०११ नंतरचा कुठलाही आकडा मी शेजारी ‘अंदाज’ लिहूनच फळ्यावर मांडतो.