विवा पिन्याता : पाणी जास्त झालं की इथलीही झाडं मरतात

'विवा पिन्याता' हा व्हिडिओ गेम सुरू होतो तेव्हा समोर बाग नसते. असते कडक, भेगाळलेली जमीन, तीवर पडलेला भंगार कचरा आणि हातात एक मोडकं फावडं. लीफॉस नावाची मुलगी येऊन सांगते: आधी कचरा फोड, मग जमीन भुसभुशीत कर, मग गवताचं बी टाक. एवढं झालं की झारी मिळते आणि काही वेळात कुंपणाबाहेरून एक कृष्णधवल गांडूळ डोकावतं. त्याचं नाव व्हर्लम. इथून पुढचा सगळा खेळ एकाच प्रश्नावर चालतो: हा प्राणी माझ्या बागेत राहावा म्हणून बागेत काय असायला हवं?

'विवा पिन्याता' ब्रिटनच्या रेअर कंपनीने एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्रासाठी २००६ साली काढला. दुसरा भाग, 'ट्रबल इन पॅरडाइज', २००८ साली आला. त्याच वर्षी निन्टेंडो डीएस या हातात धरायच्या यंत्रासाठी 'पॉकेट पॅरडाइज' ही छोटी आवृत्ती निघाली. खेळ जुना आहे, पण मुलांसोबत बसून खेळण्यासाठी बागेचा याहून विचारपूर्वक केलेला व्हिडिओ गेम आमच्या पाहण्यात नाही. म्हणून आजही त्याची सविस्तर ओळख करून द्यावीशी वाटते.

पिन्याता म्हणजे मेक्सिकोत सणावाराला टांगतात ती रंगीत कागदांची पोकळ आकृती. काठीने फोडली की आतून गोळ्या-चॉकलेटं पडतात. आपल्याकडच्या मुलांना समजावायचं तर 'दहीहंडी, पण प्राण्याच्या आकाराची' एवढं पुरे. खेळातले सगळे प्राणी असे कागदी झालरींचे आहेत. एकाने दुसऱ्याला खाल्लं तरी रक्त दिसत नाही, गोळ्या उडतात. अन्नसाखळी लहानांना दाखवण्याची ही युक्ती फार चांगली जमली आहे.

प्राणी बागेत येण्याचे टप्पे नीट समजून घ्या, कारण मुलं इथेच गोंधळतात. पहिल्या टप्प्यात तो हद्दीबाहेर दिसतो. दुसऱ्यात आत येतो, पण अजून रंगहीन असतो, म्हणजे पाहुणा. तिसऱ्यात त्याची अट पूर्ण झाली की तो नाचतो, रंगीत होतो आणि बागेचा रहिवासी ठरतो. चौथा टप्पा जोडी जमवण्याचा. प्रत्येक टप्प्याच्या अटी वेगळ्या असतात आणि त्या खेळातल्या वहीत लिहिलेल्या असतात. माउसमॅलो या उंदराला सलगम हवा, बनीकोंब सशाला गाजर, स्क्वॅझिल खारीला हेझलनट. स्पॅरोमिंट चिमणीला मात्र व्हर्लम हवा, आणि तो बघायला नाही, खायला. सिरपेंट साप माउसमॅलोवर टपलेला असतो.

इथे पालकांना एक सूचना. खेळात प्रत्येक प्राण्याला नाव देता येतं आणि मुलं पहिल्या व्हर्लमचं बारसं लगेच उरकतात. पुढे स्पॅरोमिंटने नेमका तोच गिळला की रडारड होते. त्यामुळे आधी व्हर्लमची संख्या वाढवायची, नाव फक्त ज्याला राखायचं त्याला द्यायचं आणि त्याला कुंपण घालून वेगळं ठेवायचं. कुंपणाचा दुसरा उपयोग भांडणं टाळण्याचा. काही जातींचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. मारामारी झाली की एक जण जखमी होतो आणि डॉक पॅचिंगो या डॉक्टरला बोलवावं लागतं. त्याची फी चॉकलेटच्या नाण्यांत असते. गल्ला रिकामा करून सजावट घेणाऱ्याला हे महागात पडतं, कारण आजारी प्राण्यावर वेळेत उपचार झाला नाही तर डास्टार्डोस नावाचा मुखवटेवाला तरंगत येतो आणि त्याला फोडून टाकतो. पाच-सहा वर्षांच्या मुलांना तो घाबरवू शकतो. डॉक्टरच्या फीपुरती नाणी कायम बाजूला ठेवली तर त्याचं दर्शन क्वचित होतं.

आता बागकामाकडे वळू, कारण या खेळाचं खरं मोल तिथे आहे. बहुतेक खेळांत 'पाणी घाला' म्हणजे एक बटण दाबलं की काम संपलं. इथे झारी तिरपी धरून पाणी किती पडतंय याकडे लक्ष ठेवावं लागतं. कमी पडलं तर रोप सुकतं, जास्त झालं तर सडतं. नवीन खेळणारी मुलं हमखास दुसरी चूक करतात. रोप मान टाकताना दिसलं की आणखी ओततात आणि ते पुरतं जातं. नाशिकच्या ज्या घरात द्राक्षबाग आहे तिथल्या मुलांना पाण्याचा ताण हा शब्द ऐकून माहीत असतो. तो इथे हाताने कळतो. बी टाकल्यावर एकदा, मग रोपाने मागितल्यावर, आणि पुरेसं झालं की झारी लगेच उचलायची. एवढी शिस्त बसली की निम्मी अडचण दूर होते.

खताचं गणितही रंजक आहे. खतं रंगांवरून ओळखायची आणि प्रत्येक झाडाचा रंग ठरलेला असतो. ते सुरुवातीलाच एकदा ओतून मोकळं होता येत नाही, वाढीच्या टप्प्याटप्प्याने द्यावं लागतं. त्याचा परिणाम फळांवर दिसतो. बी पेरताना अंतर राखावं लागतं, खेटून लावलेलं उगवत नाही. मोठ्या झाडाची जागा आधी धरली नाही तर पुढे भाजीचा वाफा मोडावा लागतो, हे मुलांना पहिल्यांदा सांगून पटत नाही. तण दिसताक्षणी फावड्याने काढावं. सीडॉस नावाचा बियावाला अधूनमधून फिरकतो. त्याच्याशी बोललं की बी फुकट मिळतं, तो आला की हातातलं काम सोडून आधी त्याला गाठावं.

छाटणी मात्र नाही. द्राक्षाची एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी बहार छाटणी ज्यांच्या घरात वर्षाचं वेळापत्रक ठरवतात त्यांना हे चुकल्यासारखं वाटेल. भुरी-डाऊनीसारखे रोगही नाहीत. म्हणजे शेती शिकण्यासाठी हा खेळ घेऊ नका. निरीक्षण, अंतर, पाणी आणि संयम एवढं तो शिकवतो, आणि ते मनापासून शिकवतो.

पैसा मिळवण्याचे मार्ग सरळ आहेत. कॉस्टोलॉटच्या दुकानात बी आणि वस्तू मिळतात, तिथेच बागेतला माल विकताही येतो. सुरुवातीला भाजी विकावी. फळझाडं एकदा मोठी झाली की पुन्हा पुन्हा फळ देतात, त्यामुळे कमाईचा पाया तीच. पुढे मूझिपॅन गायीचं दूध, गूबा मेंढीची लोकर, बझलगम माशीचा मध असं पूरक उत्पन्न सुरू होतं. बागेत किती गोष्टी मावतात यावर मर्यादा आहे आणि दिवे, कारंजी, बाकडी सगळी त्यातच मोजली जातात. अचानक नवीन काही ठेवता येईनासं झालं तर खेळ बिघडलेला नसतो, बाग भरलेली असते. जास्तीची सजावट विकून टाका. पातळी वाढली की बागेचं क्षेत्रही वाढतं आणि फावड्याने तळं खणता येतं. तळ्यासाठी एक कोपरा सुरुवातीपासून मोकळा ठेवलेला बरा.

जोडी जमवण्याचा भाग निरागस आहे. आधी विली बिल्डरकडून त्या जातीचं घर बांधून घ्यायचं. मग दोघांच्याही अटी पूर्ण झाल्या की डोक्यावर प्रेमाचे बदाम दिसतात आणि एकाला दुसऱ्याकडे पाठवलं की चक्रव्यूहाचा छोटा खेळ सुरू होतो. अडथळे चुकवून जोडीदारापर्यंत पोहोचायचं, की दोघं नाचतात आणि स्टॉर्कोस अंडं घेऊन येते. बदाम दिसत नसतील तर बहुतेक वेळा एकाच प्राण्याने खाल्लेलं असतं आणि दुसरा उपाशी असतो. अट दोघांनी स्वतंत्रपणे पूर्ण करावी लागते.

गुपितं शोधण्यात खेळाची खरी मजा आहे. दोनच सांगतो, बाकीची मुलांना शोधू द्या. टॅफ्ली ही माशी मशालीच्या आगीत पेटली आणि तिच्यावर लगेच पाणी टाकलं तर ती रेडहॉट नावाचा वेगळाच प्राणी बनते. सिरपेंटच्या अंड्यावर फावडं मारलं तर दोन तोंडांचा ट्विंगरस्नॅप निघतो, आणि ट्विंगरस्नॅपच्या अंड्यावर तोच प्रयोग केला तर चार डोक्यांचा फोरहेड्स. 'असं केलं तर काय होईल?' या मुलांच्या सवयीला इतकं उदार उत्तर देणारे खेळ थोडे.

त्रास देणारेही आहेत. लाल-काळ्या रंगाचे आंबट पिन्याता बागेत घुसून विषारी गोळ्या टाकतात. आपल्या प्राण्यांनी त्या खाण्याआधी फावड्याने फोडायच्या, हे काम धाकट्या भावंडाकडे द्यावं. ते डोळ्यांत तेल घालून करतात. प्रोफेसर पेस्टर आणि त्याचे रफियन नावाचे गुंड नंतरच्या टप्प्यात येऊन नासधूस करतात. रफियनना नाणी देऊन परत पाठवता येतं.

उणिवा लहान नाहीत. पहिली, भाषा. मराठी तर नाहीच, हिंदीही नाही, आणि अटींची माहिती इंग्रजी मजकुरात आहे. हॉर्सटॅशियो म्हणजे घोडा आणि पिस्ता यांची गंमत, ही इंग्रजी न जाणणाऱ्या मुलापर्यंत पोहोचत नाही. आठ-नऊ वर्षांपर्यंत शेजारी वाचून दाखवणारं कुणीतरी मोठं हवंच. दुसरी, खेळ मध्येमध्ये सारखा थांबतो. पाहुणा आला, अंडं आलं, पातळी वाढली, की प्रत्येक वेळी कॅमेरा तिकडे पळतो आणि हातातली झारी अर्धवट राहते. बाग भरली की हे वैताग आणतं. तिसरी, दुकानांच्या याद्या चाळण्यात बराच वेळ जातो. दुसऱ्या भागात हे काहीसं सुधारलं आहे.

दुसऱ्या भागाचं म्हणाल तर घरात पहिलीपर्यंतचं मूल असेल तर थेट तोच घ्या. त्यात 'जस्ट फॉर फन' नावाचा प्रकार आहे. पैशाची चिंता नाही, त्रास देणाऱ्यांची भीती नाही, मूल आपलं पेरत-खणत बसतं. एकाच पडद्यावर दोघांना खेळता येतं, त्यामुळे आजी झारी आणि नातू फावडं अशी वाटणी होऊ शकते. वाळवंट आणि बर्फाळ प्रदेश अशी नवी ठिकाणं आहेत, तिथे सापळे लावून प्राणी आणायचे. मोठ्या मुलांनी मात्र पहिल्या भागापासून सुरुवात करावी. तिथली बाग हळू वाढते, आणि त्या संथपणात जीव रमतो. ग्रँट कर्कहोप यांचं संगीतही तिथे जास्त भिनतं. दुपारचं ऊन डोक्यावर असताना, पडदे ओढून, पंख्याखाली ऐकण्यासारखं आहे ते.

खरेदी करताना यंत्र आधी तपासा. एक्सबॉक्स ३६० चं ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झालं, त्यामुळे त्या यंत्रावर आता डिस्कच हवी. एक्सबॉक्स वन किंवा सिरीज एक्स असेल तर २०१५ साली आलेला 'रेअर रिप्ले' हा ३० खेळांचा संच सर्वांत फायद्याचा, त्यात दोन्ही भाग आहेत. सिरीज एसला डिस्कची जागाच नाही, तिथे डिजिटल प्रतच घ्यावी लागेल. वापरलेली डिस्क घेत असाल तर चकतीची मागची बाजू उजेडात तिरपी धरून वर्तुळाकार ओरखडे पाहा. गोल गेलेला ओरखडा आडव्यापेक्षा जास्त घातक असतो. दुकानात पाच मिनिटं चालवून दाखवायला सांगायला लाजू नका. संगणकाची जुनी आवृत्ती टाळलेली बरी. ती विंडोजच्या ज्या ऑनलाइन सेवेवर उभी होती ती केव्हाच मोडीत निघाली आहे. डीएसची आवृत्ती मात्र पडद्यावर टेकवायच्या लेखणीने खेळायची असल्यामुळे लहान हातांना सोपी जाते.

आणखी दोन गोष्टी. यंत्र बंद असताना बागेतला काळ थांबतो, त्यामुळे परीक्षेच्या काळात पंधरा दिवस खेळ कपाटात गेला तरी एकही रोप सुकत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. आणि खेळ संपवताना बागेतून रीतसर बाहेर पडून साठवण पूर्ण होऊ द्या. वादळी पावसात वीज जाण्याची शक्यता दिसली तर अंडं उबायची वाट न पाहता आधी साठवा.