झोपेची गोळी निवडताना सकाळचा हिशेब

रात्री अकराला गोळी आणि सकाळी सातला स्कूटर, असा ज्यांचा दिनक्रम आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गोळीने झोप किती लवकर लागते हे सगळेच विचारतात. सकाळी ती रक्तात किती उरते, हेही डॉक्टरांना विचाराच.

झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण साधारण अडीच तासांत निम्मं होतं. ऐकायला निर्धोक वाटतं ना? तरी २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, बायकांसाठी साध्या गोळीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला लावला. बायकांच्या शरीरातून हे औषध हळू बाहेर पडतं आणि सकाळी गाडी चालवण्याला बाधा येईल इतकं ते काहींच्या रक्तात सापडत होतं. त्याहून काळजीची गोष्ट अशी, की माणसाला स्वतःला एकदम ताजंतवानं वाटत असतं. एस्झोपिक्लोन या दुसऱ्या झोपेच्या गोळीचंही तेच. ३ मिलिग्रॅम घेतल्यावर अकरा तासांनंतरही स्मरणशक्ती आणि हालचालींचा ताळमेळ कमी पडू शकतो, म्हणून २०१४ मध्ये सुरुवातीचा डोस १ मिलिग्रॅम ठरला. "मला काही जाणवत नाही" यावर म्हणूनच विसंबू नका.

आपल्याकडे घरोघरी दिसणारी क्लोनाझेपाम याहून कितीतरी रेंगाळते. तिचं प्रमाण निम्म्यावर यायलाच तीस-चाळीस तास लागतात, म्हणजे आजची गोळी घेताना कालची अजून अंगात असते. अल्प्राझोलामला साधारण अकरा तास. सकाळी हिशेबाचं किंवा यंत्रावरचं काम असेल, तर निव्वळ झोपेसाठी मी या दोन्ही शेवटी ठेवेन.

सर्दीच्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या झोपेसाठी वापरूच नयेत. म्हाताऱ्या माणसांचा त्याने गोंधळ उडतो, तोल जातो.

मेलाटोनिन लवकर ओसरतं, पण त्याचा गुणही बेताचाच. परदेश प्रवासानंतर बिघडलेली वेळ सावरायला ते बरं.

जुनाट निद्रानाशावर माझा कौल मात्र सीबीटी-आयला, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलणाऱ्या उपचाराला. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनेही २०१६ मध्ये आधी हाच उपचार सुचवला. त्यात अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करतात, त्यामुळे पहिले काही आठवडे दिवसा पेंग येऊ शकते. तेवढे दिवस लांबचं ड्रायव्हिंग टाळा.

आणि क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम महिनोन्‌महिने चालू असेल, तर हे वाचून आज रात्री बंद करू नका. एकदम थांबवल्यास आकडीचे झटकेही येऊ शकतात. डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवा.