वृद्धाश्रम निवडताना: तिथलंच स्वयंपाकघर की बाहेरून येणारा डबा?

वृद्धाश्रम बघायला गेलं की खोल्या, बाग, देवघर सगळं दाखवतात. जेवण कुठे शिजतं, हे मात्र आपणच विचारायचं. काही ठिकाणी स्वतःचं स्वयंपाकघर असतं, काही ठिकाणी केटररचे डबे येतात.

डब्याचं बरं असं की स्वयंपाकीण रजेवर गेली म्हणून कोणाचं अडत नाही, आणि आठवड्याचा मेन्यू आपल्याला आधी बघायला मिळतो. हिंडत्याफिरत्या, दात शाबूत असलेल्या माणसाचं त्यावर छान भागतं.

पण कवळी बसत नाही, घास चावताना दमायला होतं, अशा आजींना तीच पोळी आणि तीच फ्लॉवरची भाजी कशी चालणार? स्वयंपाकघर हाताशी असेल तर ऐनवेळी भात गुरगुट्या होतो, भाकरी दुधात कुस्करून मिळते, रक्तदाब असलेल्यांची भाजी मीठ घालण्याआधी बाजूला काढता येते. रात्री उशिरा भूक लागली तर वाटीभर उपमाही होतो. म्हणून पथ्य असेल तिथे माझा कौल स्वयंपाकघराला.

प्रथिनं मात्र दोन्हीकडे तपासा. म्हातारपणी वजनाच्या दर किलोमागे रोज किमान 1 ग्रॅम प्रथिनं हवीत, असं युरोपातल्या ‘एस्पेन’ या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. म्हणजे 50 किलोच्या आजींना 50 ग्रॅम. (किडनीचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच.) एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, पेलाभर दुधातही तेवढीच, पातळ वरणाच्या वाटीत त्याहून कमी. दोन्ही वेळा नुसत्या वरणभातावर बोळवण होत असेल तर हिशोब जुळत नाही. मुगाचं धिरडं, दही, अंडं, दुधातली लापशी रोजच्या खाण्यात आहे का, हे विचारा.

आणि नुसतं स्वयंपाकघर बघून भुलू नका. हात थरथरणाऱ्या आजोबांना शेजारी बसून भरवायला कोणी नसेल, तर भरलेलं ताट तसंच परत जातं आणि वहीत ‘जेवले’ अशी नोंद होते. निवांत भरवणाऱ्या मावश्या असतील तर डब्याचा आश्रमही मी आधी निवडेन.

भेटीची वेळ जेवणाचीच मागून घ्या. परत येणारी ताटं बघा. मग वजनाची वही मागा: दर महिन्याला वजन करतात का? सहा महिन्यांत 5 टक्क्यांहून जास्त, म्हणजे 50 किलोला अडीच किलोच्या वर, वजन उतरलं तर डॉक्टरांना आणि घरच्यांना कळवतात का? वहीच नसेल तर दुसरा आश्रम बघा.