लाइटनिंगचं ट्यूनिंग: डायनोवर की रस्त्यावर?

ब्लोअरची (इंजिनमध्ये जादा हवा कोंबणाऱ्या सुपरचार्जरची) पुली बदलली की फोर्ड एफ-१५० लाइटनिंग या पेट्रोल पिकअप ट्रकला कंपनीचा मूळ ट्यून, म्हणजे कंप्युटरमधली इंधन आणि स्पार्कची मांडणी, पुरत नाही, हे या ट्रकवाल्यांना वेगळं सांगायला नको. प्रश्न उरतो तो नवा ट्यून कुठे जुळवायचा याचा. डायनोच्या (गाडी जागेवर ठेवून ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) रोलरवर, की लॉगर (इंजिनचे आकडे नोंदवणारं उपकरण) लावून चालत्या ट्रकमध्ये? खालचं सगळं २००१ ते २००४ च्या ट्रकला धरून आहे: ईटनचा एम११२ ब्लोअर, मागच्या अ‍ॅक्सलचा ३.७३ चा गिअर रेशो आणि ९३ ऑक्टेन पेट्रोल.

डायनोवर टॉर्क समोर दिसतो. टाइमिंग (स्पार्क किती आधी पडतो ते) एक अंश वाढवलं आणि टॉर्क हलला नाही, तर तो अंश तिथल्या तिथे मागे घेता येतो. रस्त्यावर एका अंशाचा फरक वाऱ्यात आणि चढ-उतारात हरवतो. पण ९३ ऑक्टेनवर हे इंजिन टॉर्क वाढायचा थांबतो त्या टोकाला सहसा पोचतच नाही, आधीच नॉकिंग (इंधनाचा अवेळी स्फोट) आडवं येतं. त्यामुळे डायनोचा सगळ्यात मोठा गुण इथे बराचसा पडून राहतो. ई८५ वर (इथेनॉल जास्त असलेल्या इंधनावर) चालवणार असाल तर गणित उलटतं, आणि तिथे मीही डायनोच सुचवेन.

माझा कौल रस्त्याकडे फिरला तो उष्णतेमुळे. ब्लोअरमधून आलेली तापलेली हवा गार करणारा इंटरकूलर ब्लोअरच्या पोटाखाली असतो आणि त्याचं पाणी थंड होतं ते पुढच्या रेडिएटरमध्ये, म्हणजे गाडीला सामोऱ्या येणाऱ्या वाऱ्यावर. डायनोवर तो वारा नसतो, जमिनीवरचा पंखा असतो. पहिल्या पुलनंतर (फुल थ्रॉटलच्या एका फेरीनंतर) पाणी तापतं, आयएटी-२ चा (ब्लोअरनंतरच्या हवेच्या तापमानाचा) आकडा चढतो, कंप्युटर टाइमिंग मागे घेतो आणि दुसरा ग्राफ खाली येतो. मग हा फरक तुम्ही केलेल्या बदलाचा की तापलेल्या पाण्याचा, हे कळायला मार्ग नाही. घाईतला ट्यूनर गेलेलं टाइमिंग परत भरतो, आणि तोच ट्यून गार सकाळी रस्त्यावर नॉक करतो. इंटरकूलरच्या पाण्याच्या टाकीत बर्फ टाकला तर चूक उलट्या दिशेने होते.

थंडीत आणखी एक गोष्ट उघडी पडते. हवा दाट झाली की पुली बदललेल्या ट्रकचा एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) ५ व्होल्टला जाऊन टेकतो. त्यापुढे कितीही हवा आत गेली तरी कंप्युटरला ती दिसत नाही आणि मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. उबदार शेडमधल्या डायनोवर हाच एमएएफ ४.८ वर थांबलेला दिसू शकतो.

आणि रोजचं चालवणं? पाय हलका असताना ब्लोअरचा बायपास उघडा असतो. पेडल दाबलं की तो मिटतो आणि बूस्ट (ब्लोअरचा दाब) एकदम येतो. त्या क्षणी क्षणभर लीन होणं, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातानाचा झटका, क्रूझिंगमधले फ्युएल ट्रिम (कंप्युटर इंधनात स्वतः करत असलेली दुरुस्ती), हे सगळं नुसत्या फुल थ्रॉटल पुलमध्ये दिसत नाही. लोड धरून ठेवणाऱ्या डायनोवर यातलं थोडं जमतं.

रस्त्याची अडचण मात्र खरी आहे. तिसरा गिअर १:१ चा. त्यात ५,२०० आरपीएमला ट्रक ताशी ११५ मैलांच्या पुढे असतो, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर तो विचारच सोडा. दुसऱ्यात हाच आकडा ७५ च्या आसपास येतो, पण पुल फार लवकर संपतो आणि इंजिनला पुरती उष्णता चढत नाही. फुल थ्रॉटलसाठी ड्रॅग स्ट्रिपच (सरळ शर्यतीची बंद धावपट्टी) हवी.

आधी वाइडबँड (हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा एक्झॉस्टमधला सेन्सर) बसवा, कॅटलिस्टच्या आधी, इंजिनच्या बाजूला, पाइपच्या वरच्या बाजूला, नाहीतर साचलेलं पाणी सेन्सर मारतं. एमएएफ व्होल्ट, स्पार्क, आयएटी-२, फ्युएल प्रेशर आणि इंजेक्टरची ड्युटी (तो किती टक्के वेळ उघडा असतो) एकत्र लॉग करा. पहिलं काम क्रूझिंगचं: ट्रिम अधिक-उणे ५ टक्क्यांत येईपर्यंत एमएएफची वक्ररेषा दुरुस्त करा. बूस्टमध्ये हात घालायचा तो त्यानंतर. सुरुवात दोन-तीन अंश कमी टाइमिंगने, मिक्श्चर (एक भाग इंधनाला हवा) ११.५ च्या आसपास. बूस्टमध्ये आकडा १२ च्या वर गेला की पाय काढा, गिअर पूर्ण होण्याची वाट पाहू नका. एका वेळी एकच बदल. इंजेक्टर ८५ टक्क्यांच्या वर राहत असतील तर टाइमिंगचा विचार बाजूला ठेवून आधी इंधनाचं बघा.

जवळ स्ट्रिप नसेल तर डायनोवर जायला हरकत नाही. फक्त प्रत्येक पुल आयएटी-२ त्याच आकड्यावर परतल्यावरच सुरू करायला सांगा, वेळ गेला तरी चालेल. ग्राफच्या कागदासोबत पूर्ण लॉग मागून घ्या. पहिली थंडी पडली की एमएएफचे व्होल्ट पुन्हा तपासा.