पाच वॅटचा व्हॉल्व्ह अँप्लिफायर आणि खारी हवा: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी, बाहेर पावसाची झड लागलेली असताना, माझ्या गिटारच्या 5 वॅटच्या अँप्लिफायरमधून तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब पडावा तसा चरचराट झाला. मागच्या जाळीतून पाहिले तर ईएल-84 या व्हॉल्व्हच्या (म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या विद्युत-नळीच्या) आतली करडी पट्टी, म्हणजे अॅनोड, लालभडक झालेली होती, आणि मी बटण बंद करेपर्यंत आवाजही थांबला होता. हे यंत्र घेऊन तेव्हा नऊ महिने झाले होते. पहिल्या तीन महिन्यांनंतर मी त्याच्याविषयी वहीत जे लिहून ठेवले होते, त्यातले निम्मे मला आता मागे घ्यावे लागत आहे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. बिघाड आणि त्यानंतरचा पत्रव्यवहार यांचा संबंध येतो त्या कंपनीचे नाव लिहीत नाही. याच रचनेचे अँप्लिफायर अनेक कंपन्या बनवतात आणि माझा मुद्दा त्या सर्वांना लागू आहे.

मी वेंगुर्ल्यास राहतो. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे, भिंती जांभ्याच्या आहेत आणि वर मंगळुरी कौले आहेत. या चौदा महिन्यांत माझ्याकडे तीन अँप्लिफायर वापरून झाले. पहिला हा, एका ईएल-84 वर चालणारा, 8 इंची स्पीकरचा. दुसरा 1 वॅटचा, ज्यात ईसीसी-82 या एकाच व्हॉल्व्हचे दोन भाग पुश-पुल पद्धतीने, म्हणजे आळीपाळीने एक ढकलतो आणि दुसरा ओढतो असे, जोडलेले आहेत. तो माझ्या भाच्याचा असून तो गोव्याला शिकायला गेल्यापासून माझ्याकडे आहे. तिसरा ऑक्टोबरमध्ये हाताने बांधून घेतलेला, फेंडर या अमेरिकी कंपनीच्या 1950च्या दशकातल्या ‘चँप’च्या 5एफ1 आराखड्यावरचा, 12एएक्स7, 6व्ही6 (स्पीकरला शक्ती देणारा पॉवर व्हॉल्व्ह) आणि 5वाय3 (रेक्टिफायर, म्हणजे एसी विजेची डीसी करणारा) अशा तीन व्हॉल्व्हांचा.

आवाजाच्या मोठेपणाविषयी जाहिरातींत जे छापतात त्यावर विसंबू नये. 50 वॅटचा अँप्लिफायर 5 वॅटच्या यंत्रापेक्षा दसपट शक्तीचा असला तरी कानाला तो साधारण दुप्पटच मोठा वाटतो, कारण दसपट म्हणजे 10 डेसिबल. त्याच हिशेबाने 5 वॅट आणि 1 वॅट यांत 7 डेसिबलचा फरक पडतो. घरात वाजवणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे. पॉवर व्हॉल्व्ह स्वतः दबावाखाली येऊन जो जाडसर, हाताच्या जोराला उत्तर देणारा स्वर देतो, तो ईएल-84 कडून मिळवण्यासाठी मला घुंडी अर्ध्याच्या पुढे न्यावी लागे, आणि मग माजघरातल्या फडताळातली भांडी थरथरत असत. भाच्याच्या 1 वॅटवर तोच स्वर रात्री नऊनंतरही मिळे. शिवाय पुश-पुल रचनेत वीजपुरवठ्याची घरघर ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही अंगांना सारखीच पोहोचते आणि एकमेकांत विरून जाते, तर एकाच पॉवर व्हॉल्व्हच्या यंत्रात आपल्याकडच्या 50 हर्ट्झ विजेतून उरलेली 100 हर्ट्झची घरघर तशीच स्पीकरपर्यंत येते. दोन सुरांमधली शांतता मला सुरांइतकीच महत्त्वाची वाटते. म्हणून ‘1 वॅट श्रेष्ठ, 5 वॅट अनावश्यक’ असे मी फेब्रुवारीत वहीत लिहिले होते.

एप्रिल-मेमध्ये एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. तारांना हात लावला की बोटांना बारीक झिणझिण्या येऊ लागल्या. दोष अँप्लिफायरचा नव्हता, घराच्या अर्थिंगचा होता. जांभा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि वीज जमिनीत नीट मुरत नाही. वायरमनने खड्डा नव्याने खोदून त्यात कोळसा आणि मीठ भरले, मी रोज सकाळी एक बादली पाणी ओतत राहिलो आणि झिणझिण्या थांबल्या. गिटारच्या तारा अँप्लिफायरच्या मार्फत अर्थिंगलाच जोडलेल्या असतात, त्यामुळे या गोष्टीकडे दुर्लक्ष करणे जिवावर बेतू शकते.

आता बिघाडाकडे येतो. कंपनीच्या मुंबईतल्या सेवा केंद्राला मी व्हॉल्व्हच्या छायाचित्रासह लिहिले. त्यांनी यंत्र पाठवण्यास सांगितले. सुमारे 500 किलोमीटर, काचेचे व्हॉल्व्ह काढून वेगळे गुंडाळून, पावसात. तीन आठवड्यांनी उत्तर आले की आतला छापील सर्किट बोर्ड पूर्ण बदलावा लागेल, आणि दमट हवेने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नसल्याने खर्च माझा राहील. सांगितलेला आकडा नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. नेमका कोणता भाग गेला आहे, असे मी दोनदा विचारले, सर्किटची आकृती मागितली. आकृती ग्राहकांना देत नाही, एवढेच कळवण्यात आले. जो माणूस महिन्याच्या पगारातून वाचवून असे यंत्र घेतो, त्याला आपल्या वस्तूत काय बिघडले आहे हे जाणण्याचा अधिकार आहे असे मला वाटते. मी यंत्र परत मागवले. येण्याजाण्याचे कुरिअरही माझ्याच माथी आले.

सावंतवाडीत रेडिओ दुरुस्त करणारे एक वयस्कर काका आहेत. त्यांच्या उमेदीच्या काळात विजेवर चालणाऱ्या अनेक मोठ्या रेडिओंचा शेवटचा टप्पा ईएल-84 चाच असे, आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने केलेले ते व्हॉल्व्ह त्यांनी शेकड्यांनी बदललेले आहेत. त्यांनी मागची फळी उघडली, आतल्या बाजूस सर्किटचा कागद चिकटवलेला नाही याचे आश्चर्य व्यक्त केले, व्हॉल्व्ह काढून दुसऱ्या यंत्रावर तपासला आणि म्हणाले, “मास्तरानू, व्हॉल्व्ह नाय गेलो, सॉकेट गेलो हा.”

इथून पुढचे मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण छोट्या अँप्लिफायरांच्या कोणत्याही तुलनेत मला हे वाचायला मिळाले नव्हते. माझ्या यंत्रात व्हॉल्व्हचे 9 पिनांचे सॉकेट पत्र्याच्या चासीवर नसून थेट छापील बोर्डावर डाखलेले आहे. ईएल-84 चा फिलॅमेंटच (आतली तापणारी तार) 6.3 व्होल्टवर 0.76 अँपिअर, म्हणजे जवळजवळ 4.8 वॅट खातो, आणि त्याच्या अॅनोडवर 12 वॅटपर्यंत उष्णता सोसण्याची मर्यादा आहे. आकाराने अंगठ्याएवढ्या या व्हॉल्व्हची काही उष्णता पिनांवाटे बोर्डात उतरते. रोज तापणे आणि रोज निवणे यात पितळी पिन आणि बोर्ड वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, आणि काही महिन्यांत पिनेभोवती डाखाला केसाएवढी गोल चीर पडते. त्या चिरेत आमची खारी हवा शिरते. काकांनी भिंग दिले तेव्हा 2 क्रमांकाच्या पिनेभोवती ती चीर आणि तिच्या कडेला हिरवट गंज मला स्पष्ट दिसला.

ही 2 क्रमांकाची पिन कंट्रोल ग्रिडची, म्हणजे व्हॉल्व्हमधला प्रवाह आवरून धरणाऱ्या भागाची. ग्रिडला जमिनीशी बांधून ठेवणारा रेझिस्टर याच पिनेवर असतो. तिचा संपर्क तुटला की ग्रिड निराधार होते, प्रवाहावर धाक उरत नाही, अॅनोड लाल होतो आणि काही मिनिटांत व्हॉल्व्ह, त्यापाठोपाठ व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. मी वेळीच बटण बंद केले म्हणून माझे दोन्ही वाचले. म्हणजे ज्या दोषासाठी पूर्ण बोर्ड बदलायला सांगितले होते तो एका सॉकेटचा आणि एका डाखाचा दोष होता. काकांनी चासीला भोक पाडून चिनी मातीचे नवे सॉकेट स्क्रूने बसवले आणि लवचिक तारांनी ते बोर्डाला जोडले, त्यामुळे उष्णता आता पत्र्यात जाते. सॉकेट आणि मजुरी मिळून मला 900 रुपये खर्च आला. ज्यांना हे घरी करावेसे वाटेल त्यांना बजावून सांगतो की प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरांत 300 व्होल्टच्या आसपास भार काही काळ टिकून राहतो. तो उतरवल्याशिवाय आत बोट घालू नये.

त्यानंतर मी भाच्याचा अँप्लिफायरही उघडून पाहिला. त्याचेही सॉकेट बोर्डावरच आहे. मात्र ईसीसी-82 च्या प्रत्येक अॅनोडची मर्यादाच 2.75 वॅटची आहे, तो कोमट राहतो, आणि दोन पावसाळे काढूनही त्याचे डाख अखंड आहेत. त्यामुळे बोर्डावरचे सॉकेट वाईटच असते असे मी म्हणणार नाही. तापणाऱ्या पॉवर व्हॉल्व्हचे सॉकेट बोर्डावर असू नये, एवढेच म्हणेन. विकत घेण्यापूर्वी मागच्या जाळीतून विजेरी मारून पाहावे. व्हॉल्व्हच्या बुडाशी पत्रा आणि दोन स्क्रू दिसले तर घ्यावा.

काकांनी याच कामात व्होल्टेजही मोजून ठेवायला सांगितले. आमच्याकडे सात-आठच्या सुमारास 200 च्या खाली येणारा दाब मध्यरात्री 255 पर्यंत चढलेला मी पाहिला आहे. ट्रान्सफॉर्मर 230 साठी गुंडाळलेला असेल तर 255 ला 6.3 व्होल्टच्या फिलॅमेंटवर जवळजवळ 7 व्होल्ट येतात, म्हणजे चालण्याजोग्या 10 टक्क्यांच्या मर्यादेच्याही बाहेर. फ्रिजचा जुना स्टॅबिलायझर मी अँप्लिफायरला लावला. फ्रिजसाठी दुसरा घेतला.

तिसरा अँप्लिफायर या सगळ्यातून उभा राहिला. 5एफ1 मध्ये आवाजाची एकच घुंडी आहे, ट्रेबल-बास काही नाही, आणि एकूण भाग इतके थोडे की संपूर्ण आकृती वहीच्या एका पानावर मावते. ट्रान्सफॉर्मर आम्ही कोल्हापूरहून 240 व्होल्टसाठी गुंडाळून आणले. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांमध्ये कागदाच्या जाडीची फट ठेवायला आवर्जून सांगितले, कारण एका पॉवर व्हॉल्व्हच्या रचनेत त्यातून एकाच दिशेचा प्रवाह सतत वाहत असतो. ज्या 5वाय3 रेक्टिफायरच्या ‘दबण्याचे’ कौतुक पुष्कळ जण करतात, त्याविषयी माझे मत निराळे झाले आहे. एका 6व्ही6 च्या यंत्रात प्रवाह जवळजवळ स्थिर राहतो, त्यामुळे जोराने वाजवले तरी पुरवठा फारसा दबतच नाही. त्या नावाखाली कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

या यंत्रालाही घरघर आहे, आणि ईएल-84 पेक्षा थोडी अधिकच आहे. फेब्रुवारीतल्या मला ती सहन झाली नसती. परंतु 6व्ही6 चा मध्यसप्तकातला मऊपणा, आणि तार हलकेच छेडली तर स्वच्छ व जोरात छेडली तर खरखरीत असा, घुंडीला हात न लावता मिळणारा प्रतिसाद मला 1 वॅटवर कधीच मिळाला नव्हता. पुश-पुल रचना घरघरीबरोबरच सम क्रमांकाची हार्मोनिकेही (मूळ सुराच्या पटीतले उपस्वर) पुष्कळ अंशी पुसून टाकते; जी शांतता मी गुण म्हणून लिहिली होती तिची किंमत मी स्वरात मोजत होतो, हे समजायला मला दहा महिने लागले.

डिसेंबरात हे मतही थोडे हलले. एका परिचितांकडचा 12 इंची सेलेस्टियन व्हिंटेज 30 स्पीकर आणून, ओमचा (विद्युत-रोधाचा) मेळ तपासून, तिन्ही यंत्रे त्यावर वाजवली. तो स्पीकर 1 वॅटला 100 डेसिबल देतो. स्वस्त 8 इंची स्पीकर बहुधा 90च्या आसपास रेंगाळतात. भाच्याचा 1 वॅट त्यावर माझ्या 5 वॅटच्या मूळ पेटीहून मोठा आणि भरदार वाजला. पावसाळ्यात 8 इंची स्पीकरचा कागदी कोन ओलावा धरून मंद झाला होता, हेही त्याच दिवशी लक्षात आले. ज्याला मी व्हॉल्व्हचा स्वर समजत होतो त्यातला बराच भाग स्पीकरचा होता. पैसे थोडेच असतील तर ते महाग व्हॉल्व्हांत न घालता स्पीकरमध्ये घालावेत, असे मी आता सांगतो. आणि व्हॉल्व्ह अँप्लिफायर स्पीकर न जोडता कधीही सुरू करू नये, कारण आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका असतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने 1 वॅटचा घ्यावा आणि बाहेरचा स्पीकर जोडायची सोय आहे ना, एवढे पाहावे. ईएल-84 चा अँप्लिफायर समुद्रकाठी घ्यायचा असेल तर चासीवरच्या सॉकेटचाच घ्यावा, वापर संपला की तो निवू द्यावा आणि मग जाड कापडाने झाकून आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. मी रोज 6व्ही6 वाजवतो. दुरुस्त झालेला ईएल-84 विकलेला नाही. नव्या सॉकेटवर चार महिने तो एकदाही चरचरलेला नाही.

सेवा केंद्राकडून सर्किटची आकृती शेवटपर्यंत आली नाही. दिवाळीच्या सुट्टीत काका आणि मी दोन दुपारी बसून बोर्डावरची प्रत्येक रेघ मागोवा घेत कागदावर उतरवली, पिनांचे क्रमांक आणि मोजलेले व्होल्ट त्यापुढे लिहिले, आणि तो कागद प्लास्टिकमध्ये घालून मागच्या फळीच्या आतल्या बाजूस चिकटवला आहे.