स्वयंपाकघर हॉलला जोडावं की वेगळं?

फोंड्याला घर बांधणाऱ्या भाचीला हे ठरवता येत नाहीये. खर्चात जोडलेलं स्वस्त वाटतं, कारण एक भिंत आणि दार वाचतं. पण मग चिमणी दमदार लागते आणि वाचलेले पैसे तिथेच जातात. जागा मात्र खरंच मोठी भासते.

मुख्य अडचण वासाची. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, बहुतेक जून ते सप्टेंबरात. खिडक्या बंद, हवा दमट, तळलेल्या बांगड्याचा वास सोफ्यात मुरतो. चिमणीतल्या नुसत्या कोळशाच्या फिल्टरवर विसंबू नका, धूर बाहेर नेणारी नळी हवीच.

रोज हुमण (माशांची आमटी), तळण असेल तर वेगळंच बरं, मागच्या अंगणात दार काढून. भाचीलाही मी हेच सांगितलं. छोटा फ्लॅट, दोघांचा बेताचा स्वयंपाक असेल तर जोडलेलं चालेल.